नाणे, नेटवर्क, पत्ता : क्रिप्टो एका एक्स्चेंजवरून दुसऱ्यावर नेताना

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या मुंबईच्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या ग्राहकांनी ॲप उघडले तेव्हा शिल्लक दिसत होती, पण बाहेर काढता येत नव्हती. एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली होती आणि विथड्रॉवल थांबवण्यात आले होते. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयापर्यंत गेले. नाण्यांचे व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

आपली नाणी एकाच ठिकाणी ठेवायची का, आणि दुसरीकडे न्यायची तर कशी, हा प्रश्न तेव्हापासून अनेकांना पडला आहे. काम तसे दहा-पंधरा मिनिटांचे आहे. पण बँकेत चुकीच्या खात्यावर पैसे गेले तर निदान शाखेत जाऊन अर्ज तरी देता येतो. इथे शाखाही नाही आणि अर्ज घेणारा साहेबही नाही. म्हणून बटण दाबण्याआधी काय काय घडते ते समजून घेतलेले बरे.

खात्यातला आकडा म्हणजे काय

वाण्याच्या दुकानातल्या वहीत आपल्या नावापुढे रक्कम लिहिलेली असते. एक्स्चेंजच्या ॲपमध्ये दिसणारी शिल्लक हीसुद्धा तशीच, कंपनीच्या वहीतली नोंद असते. प्रत्यक्ष नाणी कंपनीच्या वॉलेटमध्ये सगळ्या ग्राहकांची मिळून ठेवलेली असतात. रोजच्या देवघेवीपुरती नाणी इंटरनेटला जोडलेल्या ‘हॉट’ वॉलेटमध्ये असतात आणि बाकीची जाळ्याबाहेरच्या ‘कोल्ड’ वॉलेटमध्ये.

तुम्ही ‘अ’ एक्स्चेंजवरून ‘ब’ एक्स्चेंजवर नाणी नेता तेव्हा तीन वह्यांमध्ये नोंदी होतात. पहिली ‘अ’ची खासगी वही: तिथे तुमच्या नावावरून रक्कम वजा होते. दुसरी सार्वजनिक वही, म्हणजे ब्लॉकचेन: अमुक पत्त्यावरून तमुक पत्त्यावर इतकी नाणी गेली, हे तिथे जगासमोर नोंदले जाते. तिसरी ‘ब’ची खासगी वही: नाणी आल्याचे पाहून ती कंपनी तुमच्या नावावर रक्कम जमा करते.

पहिल्या आणि तिसऱ्या वहीत काही गडबड झाली तर माणसे ती दुरुस्त करू शकतात. मधल्या वहीत पक्की झालेली नोंद मात्र पाठवणाऱ्याला मागे घेता येत नाही, एक्स्चेंजलाही नाही. बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान ३ जानेवारी २००९ रोजी लिहिले गेले. तेव्हापासून ती वही अशीच चालते. पुढची सगळी काळजी या मधल्या नोंदीसाठी आहे.

विकून पुन्हा घ्यावे की नाणेच हलवावे?

अनेकांना सोपा वाटणारा मार्ग असा: ‘अ’वर नाणी विकायची, रुपये बँकेत घ्यायचे आणि ‘ब’वर पुन्हा विकत घ्यायची. भारतात हा मार्ग महाग पडतो. २०२२ च्या वित्त कायद्याने आभासी डिजिटल मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लावला. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएसही कापला जातो.

समजा, ६० हजारांना घेतलेल्या इथर या इथेरियमच्या नाण्याची किंमत आज १ लाख आहे. विकले तर ४० हजारांच्या नफ्यावर उपकरासह १२,४८० रुपये कर होतो. त्यातले १ हजार टीडीएस म्हणून तिथल्या तिथे कापले जातात. लगेच तेच नाणे पुन्हा विकत घेतले तरी कर टळत नाही. एक नाणे देऊन दुसरे घेतले तर तीही विक्रीच धरली जाते. तोटा झाला तर तो दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही.

तेच इथर स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावर नेले तर मालक बदलत नाही आणि विक्री होत नाही. खर्च येतो तो फक्त फीचा. एक सवय मात्र मोडायला हवी. फी वाचवण्यासाठी बिटकॉइनचे आधी एखादे स्वस्तात जाणारे नाणे करायचे आणि ते पाठवायचे, ही युक्ती परदेशी व्हिडिओंमध्ये सर्रास सांगतात. आपल्याकडे त्या अदलाबदलीवरच कर लागतो.

नेटवर्क: कोणते दादर?

मुंबईत कोणी ‘दादरला भेट’ म्हणाले की पुढचा प्रश्न ठरलेला: वेस्टर्नचे की सेंट्रलचे? क्रिप्टोतही हा प्रश्न आधी विचारावा लागतो. एकाच नावाचे नाणे अनेक नेटवर्कवर चालते. यूएसडीटी हे डॉलरला बांधलेले नाणे घ्या. ते इथेरियमवर ईआरसी-२० म्हणून, ट्रॉनवर टीआरसी-२० म्हणून आणि बीएनबी चेनवर बीईपी-२० म्हणून फिरते. नाव एक, किंमत एक, पण रूळ वेगळे.

पाठवणाऱ्या एक्स्चेंजवर जे नेटवर्क निवडाल, तेच घेणाऱ्या एक्स्चेंजवर निवडलेले असायला हवे. काही चुका फॉर्मच पकडतो. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी ‘टी’ने सुरू होतो आणि इथेरियमचा शून्य-एक्सने. एकाच्या जागी दुसरा घातला तर ‘पत्ता अवैध’ असा शेरा येतो आणि आपण वाचतो.

खरा धोका असतो जिथे पत्ते सारखेच दिसतात. इथेरियम, बीएनबी चेन, आर्बिट्रम आणि पॉलिगॉन या सगळ्यांवर शून्य-एक्सने सुरू होणारा तोच ४२ अक्षरांचा साचा चालतो. यातले पॉलिगॉन हे २०१७ मध्ये मॅटिक नावाने भारतीय तरुणांनी सुरू केलेले नेटवर्क. ‘ब’ने इथेरियमसाठी दिलेला पत्ता तुम्ही पॉलिगॉन निवडून भरलात, तर फॉर्म तक्रार करत नाही. नाणी त्या पत्त्यावर पोहोचतातही, पण दुसऱ्या रुळावर. ‘ब’ची यंत्रणा तो फलाट पाहतच नसेल, तर तुमच्या खात्यात काहीच जमा होत नाही.

हाच पत्ता तुमच्या स्वतःच्या वॉलेटचा असता, तर वॉलेटमध्ये नेटवर्क बदलून नाणी पाहता आली असती, कारण त्याची किल्ली, म्हणजे नाणी हलवू देणारा गुप्त आकडा, तुमच्या हातात असते. एक्स्चेंजच्या पत्त्याची किल्ली एक्स्चेंजकडे असते. ती वापरून नाणी काढून द्यायची की नाही, किती दिवसांनी आणि किती शुल्क घेऊन, हे ती कंपनी ठरवते.

पत्ता: हाताने लिहू नये, घाईने चिकटवू नये

बिटकॉइनचा पत्ता १ ने, ३ ने किंवा इंग्रजी ‘बीसी१’ने सुरू होतो. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांमध्ये शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि छोटा एल ही चार चिन्हे मुद्दाम ठेवलेली नाहीत, कारण डोळा त्यांत फसतो. शिवाय पत्त्यातच पडताळणीची अक्षरे गुंफलेली असतात. त्यामुळे टंकताना एखादे अक्षर चुकले तर ते जवळपास नेहमी पकडले जाते. इथेरियमची पडताळणी अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपात लपलेली असते. सगळा पत्ता लहान अक्षरांत लिहिला की ती नाहीशी होते. म्हणून पत्ता कॉपी करावा किंवा क्यूआर कोड स्कॅन करावा, हाताने लिहू नये.

कॉपी करण्यातही दोन सापळे आहेत. पहिला मालवेअरचा. काही घातक प्रोग्राम क्लिपबोर्डवर पाळत ठेवतात आणि तुम्ही कॉपी केलेल्या पत्त्याच्या जागी चोराचा पत्ता चिकटवतात. म्हणून चिकटवल्यावर पत्ता पुन्हा पाहावा. नुसती पहिली आणि शेवटची चार अक्षरे न पाहता मधलीही काही ताडून घ्यावीत.

दुसरा सापळा मुख्यतः स्वतःच्या वॉलेटमधून पाठवणाऱ्यांसाठी असतो. तुम्ही ज्या पत्त्यावर नेहमी पाठवता, त्याच्यासारखीच सुरुवात आणि शेवट असलेला पत्ता चोर तयार करतो. त्यावरून एखादा नाममात्र व्यवहार करून तो तुमच्या व्यवहारांच्या यादीत आपला पत्ता घुसवतो. पुढच्या वेळी तुम्ही यादीतून पत्ता उचलता आणि नाणी चोराला जातात. मे २०२४ मध्ये एका मोठ्या धारकाचे १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारे बिटकॉइनचे रूप), म्हणजे सुमारे ६.८ कोटी डॉलर, असेच गेले. त्याचे नशीब म्हणून बोलणी होऊन बहुतेक रक्कम परत मिळाली. पत्ता दर वेळी घेणाऱ्या एक्स्चेंजच्या डिपॉझिट पानावरूनच घ्यावा, जुन्या यादीतून कधीच नाही.

मेमो: चाळ आणि खोली

एक्सआरपी आणि स्टेलर यांसारख्या काही नाण्यांसाठी एक्स्चेंज दोन गोष्टी देते: पत्ता आणि एक आकडा. एक्सआरपीमध्ये या आकड्याला ‘डेस्टिनेशन टॅग’ म्हणतात, स्टेलरमध्ये ‘मेमो’. नवख्यांना हा रकाना ऐच्छिक वाटतो, कारण तो रिकामा ठेवूनही बऱ्याचदा व्यवहार पुढे जातो.

चाळीचा पत्ता सगळ्या बिऱ्हाडांना एकच असतो. खोली नंबर नसेल तर पोस्टमन चाळीपर्यंत येतो, पण टपाल कोणाच्या दारात टाकायचे हे त्याला कळत नाही. इथेही तसेच आहे. एक्स्चेंज सगळ्या ग्राहकांची एक्सआरपी एकाच पत्त्यावर घेते आणि टॅग पाहून कोणाच्या नावावर जमा करायची ते ठरवते. टॅग राहिला तर नाणी एक्स्चेंजकडे पोहोचतात, पण बेवारस पडून राहतात. मग पुरावे देऊन ती मागावी लागतात. टॅग चुकला आणि तो दुसऱ्याच कोणाचा निघाला, तर भानगड आणखी वाढते.

फी: रक्कम नव्हे, गर्दी पाहते

ब्लॉकचेनवरची फी रकमेच्या टक्क्यांत नसते. एका ब्लॉकमध्ये, म्हणजे सार्वजनिक वहीच्या एका पानावर, जागा मोजकी असते. त्या जागेसाठी किती जण रांगेत आहेत यावर दर ठरतो. ५ हजार पाठवा की ५ लाख, त्या वेळची नेटवर्क फी सारखीच असते. २० एप्रिल २०२४ रोजी बिटकॉइनचा नवा ब्लॉक जोडणाऱ्याला मिळणारे नव्या नाण्यांचे बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ वर आले. त्याच दिवशी बिटकॉइनवर नवी टोकन काढणाऱ्यांची झुंबड उडाली आणि एका व्यवहाराची सरासरी फी १०० डॉलरच्या वर गेली. त्या दिवशी थोडे बिटकॉइन हलवणाऱ्याची फीच नाण्याइतकी झाली असती.

ग्राहकाकडून एक्स्चेंज जी विथड्रॉवल फी घेते ती बहुधा ठरावीक आकड्याची असते. समजा ती ३०० रुपयांइतकी आहे. ३ हजारांच्या नाण्यांवर तो १० टक्क्यांचा फटका आहे आणि ३ लाखांवर फक्त ०.१ टक्क्याचा. म्हणून थोडी थोडी नाणी पुन्हा पुन्हा हलवणे परवडत नाही. स्वस्त नेटवर्क जरूर निवडावे, पण दोन्ही एक्स्चेंज ते नेटवर्क त्या नाण्यासाठी घेत असतील तरच.

क्रमाने काय करायचे

१. सुरुवात घेणाऱ्या बाजूने करा. ‘ब’वर खाते आणि केवायसी आधी पूर्ण करून ठेवा. केवायसी अर्धवट असताना आलेली रक्कम अडकून राहू शकते.

२. ‘अ’वर ते नाणे खरोखर बाहेर काढता येते का ते पाहा. काही ॲपवर नाणी विकत घेता येतात, पण प्रत्येक नाणे बाहेर नेता येतेच असे नाही. खरे तर हे विकत घेण्याआधीच पाहायला हवे.

३. ‘ब’च्या डिपॉझिट पानावर नाणे निवडा, मग नेटवर्क निवडा. तिथली किमान रक्कम वाचा. तिच्यापेक्षा कमी पाठवले तर ते जमा होत नाही. पत्ता कॉपी करा आणि मेमो असेल तर तोही.

४. ‘अ’च्या विथड्रॉवल पानावर तेच नाणे आणि तेच नेटवर्क निवडा. पत्ता चिकटवा आणि अक्षरे ताडून पाहा. पत्ता जतन करून फक्त जतन केलेल्या पत्त्यांवरच पाठवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. नवा पत्ता जोडल्यावर काही तास थांबावे लागू शकते, पण तुमचे खाते चोराच्या हाती गेले तर तेच तास तुम्हाला वाचवतात.

५. आधी थोडी रक्कम पाठवा, पण किमान मर्यादेच्या वर. दोन वेळा फी जाते म्हणून लोक ही पायरी टाळतात. मोठ्या रकमेपुढे ती जादा फी म्हणजे विम्याचा हप्ता समजावा.

६. थोडी रक्कम ‘ब’च्या खात्यात व्यवहारासाठी उपलब्ध झाल्यावरच बाकीची पाठवा. तेव्हाही नाणे, नेटवर्क, पत्ता आणि मेमो पुन्हा तपासा.

७. हे काम फोनवर कोणाशी बोलत असताना करू नका. ‘मी सांगतो तसे बटण दाबा’ म्हणणारा ‘कस्टमर केअर’वाला बहुधा चोर असतो. ओटीपी आणि स्क्रीन कोणालाही दाखवू नका.

पाठवले, पण दिसत नाही

अशा वेळी आधी विचारायचे: तीनपैकी कोणती वही अडली? प्रत्येक पाठवणीला ट्रान्झॅक्शन आयडी मिळतो. बिटकॉइन, इथेरियम आणि ट्रॉन या प्रत्येकाची वही उघडून दाखवणारी मोफत संकेतस्थळे आहेत. तिथे हा आयडी टाकायचा.

आयडीच मिळालेला नसेल तर अडचण पहिल्या वहीत आहे. ‘अ’ अजून तपासणी करत असेल. पासवर्ड बदलल्यावर अनेक एक्स्चेंज एक दिवस विथड्रॉवल रोखून धरतात, त्यातलाही हा प्रकार असू शकतो.

आयडी आहे, पण व्यवहार ‘प्रलंबित’ दिसत असेल, तर मधल्या वहीत रांग आहे. बिटकॉइनचा नवा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो आणि पूर्वापार सहा ब्लॉक झाल्यावर व्यवहार पक्का मानतात. म्हणजे साधारण तासभर. इथेरियमवर ब्लॉकची पाळी दर १२ सेकंदांनी येते, पण व्यवहार पूर्ण पक्का व्हायला सुमारे १३ मिनिटे लागतात. किती ब्लॉक थांबायचे हे प्रत्येक एक्स्चेंज स्वतः ठरवते.

व्यवहार पक्का झालेला दिसतो, तरी खात्यात जमा नाही? मग गाडी तिसऱ्या वहीपाशी अडली आहे. मेमो राहिला का, नेटवर्क चुकले का, रक्कम किमान मर्यादेखाली होती का, हे पाहा आणि आयडीसह ‘ब’च्या ॲपमधूनच तक्रार नोंदवा. समाजमाध्यमांवर अडचण मांडली की ‘तुमची नाणी परत आणून देतो’ म्हणणारे लगेच भेटतात. आधी फी मागतात किंवा वॉलेटची किल्ली ज्यांत असते ते बारा किंवा चोवीस गुप्त शब्द मागतात. ते शब्द दिले की उरलेलेही जाते. फसवणूक झालीच असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने कळवावे.

खाते कोणाच्या नावाचे?

७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टो एक्स्चेंज भारतात मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आली. त्यांना फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये नोंदणी नसलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांची ॲप व संकेतस्थळे इथे बंद करण्यात आली. तेव्हा अनेकांना नाणी घाईघाईने भारतीय एक्स्चेंजवर आणावी लागली. म्हणून ज्या एक्स्चेंजवर जायचे तिची नोंदणी आधी पाहावी.

पाठवताना ‘घेणारा कोण?’ असे विचारले जाते. हा प्रश्न आंतरराष्ट्रीय नियमांतून आलेला आहे, त्याला खरे उत्तर द्यावे. दोन्ही खाती तुमच्याच नावाची असतील तर प्रश्न मिटतो. भावाच्या, मित्राच्या किंवा भागीदाराच्या खात्यावर पाठवले की ती भेट होती की विक्री, हा प्रश्न उभा राहतो आणि कराचा हिशेब बदलतो.

चौथी वही

तीन वह्यांमध्ये नोंदी झाल्या, नाणी सुखरूप पोहोचली. तरी एक काम उरते. ‘ब’ला तुमची नाणी आलेली दिसतात, पण ती तुम्ही कधी आणि किती रुपयांना घेतली हे तिला माहीत नसते. दोन वर्षांनी तिथे विकलीत, तर तिच्या हिशेबात खरेदी किंमत रिकामी किंवा शून्य दिसू शकते. तसेच विवरणपत्र भरले तर पूर्ण विक्रीच नफा ठरते. वरच्या उदाहरणातल्या इथरवर ४० हजारांऐवजी १ लाखावर कर, म्हणजे १२,४८० ऐवजी ३१,२०० रुपये.

कायद्यानुसार विक्रीतून खरेदी किंमत तेवढी वजा करता येते. विथड्रॉवल फीसारखा इतर खर्च नाही. म्हणून त्या एका आकड्याचा पुरावा जपायला हवा, आणि तो ‘अ’च्या वहीत आहे. नाणी हलवण्याच्या दिवशीच तिथून खरेदीचे विवरण, टीडीएसचे तपशील आणि पाठवणीचा आयडी उतरवून घ्या. सीएला देता येतील अशा रीतीने ते एका फोल्डरमध्ये ठेवा, फोनशिवाय आणखी एका ठिकाणी. जुने ॲप उद्या बंद पडले किंवा गोठले, तर तिथली नाणी आधीच बाहेर काढलेली असतील. त्यांचा हिशेबही तेव्हा तुमच्याकडेच हवा.